नकाराचे कारण : क्रेडिट कार्डाच्या नव्या अर्जांवरील मर्यादांचा ऐतिहासिक आढावा (१९५८ ते २०२३)

प्रस्तावना

मराठीत ‘पत’ हा शब्द पैशाइतकाच माणसाच्या प्रतिष्ठेशी जोडलेला आहे. बाजारात एखाद्याची पत आहे असे म्हटले की त्याच्या शब्दावर माल मिळतो. पत गेली म्हणजे केवळ उधारी बंद झाली असे नव्हे, तर चारचौघांतील त्याचे स्थानही ढासळले असा अर्थ होतो. दुकानदाराची वही असो वा सावकाराची खतावणी, जुन्या व्यवहारात उधार देणारा घेणाऱ्याला ओळखत असे. क्रेडिट कार्डाने हा आधारच काढून घेतला. तारण नाही, जामीनदार नाही, समोरासमोर ओळख नाही आणि पैसा नेमका कशासाठी खर्च होणार याचीही पूर्वकल्पना नाही, अशा स्थितीत बँक अनोळखी व्यक्तीला आगाऊ पत देते. साहजिकच, कार्ड कोणाला द्यावे यापेक्षा कोणाला नाकारावे हा प्रश्न बँकांपुढे अधिक कठीण ठरला.

क्रेडिट कार्डाविषयीचे लेखन बहुतांशी त्याच्या प्रसाराविषयी आणि ग्राहकांच्या कर्जबाजारीपणाविषयी आढळते. प्रस्तुत लेखात त्याची दुसरी बाजू, म्हणजे बँकांनी नव्या अर्जांच्या मंजुरीवर वेळोवेळी कोणत्या मर्यादा घातल्या आणि त्या का बदलत गेल्या, हे तपासण्याचा प्रयत्न केला आहे. बँकेच्या फिरत्या उधारीच्या कार्डाचा व्यापक प्रयोग प्रथम अमेरिकेत झाला, म्हणून विवेचनाचा मुख्य भाग त्या देशाविषयी आहे. अखेरीस भारतातील वाटचालीचा विचार केला आहे. मंजुरीवर मर्यादा असणे अपरिहार्य आहे, हे या इतिहासावरून दिसते. मात्र मर्यादा न्याय्य की अन्याय्य हे तिचा निकष किती शास्त्रीय आहे एवढ्यावरून ठरत नाही. नाकारलेल्या माणसाला कारण सांगण्याचे बंधन बँकेवर आहे की नाही, यावरूनही ते ठरते, असे येथे प्रतिपादन करावयाचे आहे.

१. मर्यादेविना मंजुरी : फ्रेस्नोचा प्रयोग

सन १९५० मध्ये न्यूयॉर्क येथे सुरू झालेले डायनर्स क्लबचे कार्ड हे खऱ्या अर्थाने कर्ज देणारे कार्ड नव्हते. महिनाअखेर सर्व बिल चुकते करावे लागे. बँकेने फिरती उधारी देण्याचा मोठा प्रयोग १८ सप्टेंबर १९५८ रोजी कॅलिफोर्नियातील फ्रेस्नो या शहरात झाला. बँक ऑफ अमेरिकेने तेथील सुमारे ६० हजार व्यक्तींना टपालाने ‘बँकअमेरिकार्ड’ पाठवून दिले. यांपैकी कोणीही अर्ज केलेला नव्हता. या योजनेमागे बँकेतील अधिकारी जोसेफ विल्यम्स यांची कल्पना होती. कार्डावरील उधारीची मर्यादा ३०० ते ५०० डॉलर इतकी होती. फ्रेस्नोतील मोठ्या संख्येने कुटुंबे आधीपासून याच बँकेची ग्राहक होती, आणि ग्राहक ओळखीचा आहे म्हणजे त्याची पत तपासलेली आहे, असे गृहीत धरले गेले.

हे गृहीतक चुकीचे ठरले. थकबाकी सुमारे ४ टक्के राहील असा बँकेचा अंदाज होता. प्रत्यक्षात ती २२ टक्क्यांपर्यंत गेली. टपालातून चोरलेल्या कार्डांवर फसवणुकीचे व्यवहार झाले. बँकेने अधिकृतपणे मान्य केलेला तोटा ८८ लाख डॉलर होता. जाहिरात व प्रशासनाचा खर्च धरता तो दोन कोटी डॉलरच्या आसपास गेला असे मानले जाते. विल्यम्स यांनी डिसेंबर १९५९ मध्ये बँक सोडली. त्यानंतर बँकेने वसुलीची शिस्त लावली आणि काही वर्षांतच ही योजना नफ्यात आली. बचत खाते असणे आणि उधार फेडण्याची क्षमता व वृत्ती असणे या दोन स्वतंत्र गोष्टी आहेत, हा धडा मात्र महाग पडला.

तरीही तो सर्वांनी घेतला नाही. सन १९६६ च्या अखेरीस, नाताळच्या खरेदीचा हंगाम साधण्यासाठी, शिकागो परिसरातील बँकांनी एकमेकींशी स्पर्धा करीत लाखो कार्डे टपालात टाकली. नावांच्या याद्या तपासल्या गेल्या नव्हत्या. एकाच कुटुंबात अनेक कार्डे पोहोचली, लहान मुलांच्या नावेही कार्डे निघाली आणि मोठ्या प्रमाणात अपहार झाला. परिणामी, अमेरिकी काँग्रेसने २६ ऑक्टोबर १९७० रोजी संमत झालेल्या कायद्याद्वारे न मागितलेली कार्डे पाठविण्यास मनाई केली. कार्डासाठी अर्ज असलाच पाहिजे, ही आज स्वाभाविक वाटणारी अट अशा रीतीने कायद्याने आली. पण अर्ज आला म्हणजे त्यावर निर्णय आला, आणि निर्णय आला म्हणजे नकाराची शक्यताही आली.

२. चारित्र्याच्या फायली

अर्जदाराला बँक ओळखत नसेल तर त्याची माहिती दुसऱ्याकडून मिळवावी लागते. ही व्यवस्था अमेरिकेत क्रेडिट कार्डापेक्षा बरीच जुनी होती. सन १८३७ च्या आर्थिक अरिष्टात होरपळलेले व्यापारी लुईस टॅपन यांनी १८४१ मध्ये न्यूयॉर्क येथे व्यापाऱ्यांची पत कळविणारी संस्था काढली. पुढे सामान्य ग्राहकांच्या बाबतीत हेच काम करणाऱ्या संस्था उभ्या राहिल्या. अटलांटा येथे १८९९ मध्ये स्थापन झालेली रिटेल क्रेडिट कंपनी ही त्यांतील एक प्रमुख संस्था होय. १९७५ पासून ती ‘इक्विफॅक्स’ या नावाने ओळखली जाते.

या संस्थांच्या फायलींत केवळ देण्याघेण्याच्या नोंदी नसत. माणूस मद्यपान करतो का, त्याचे घरगुती जीवन कसे आहे, शेजाऱ्यांचे त्याच्याविषयी काय मत आहे, असा मजकूरही प्रतिनिधी घरोघर चौकशी करून गोळा करीत. येथे ‘पत’ या शब्दातील प्रतिष्ठेचा अर्थ विकृत रूपात परत आलेला दिसतो. ज्या गावात सगळे एकमेकांना ओळखतात तेथे अफवेला उत्तर देण्याची सोय असते. बंद फायलीतील अफवेला ती नसते. ज्याच्याविषयी लिहिले गेले त्याला फाईल अस्तित्वात आहे हेच ठाऊक नसे.

वर उल्लेखिलेल्या १९७० च्या कायद्याच्याच एका भागात न्याय्य पत-अहवालाविषयीच्या तरतुदी होत्या. पत-अहवालाच्या आधारे अर्ज नाकारला तर तो अहवाल देणाऱ्या संस्थेचे नाव व पत्ता अर्जदाराला कळविणे सक्तीचे झाले. त्या संस्थेकडे जाऊन नोंदींचे स्वरूप जाणून घेण्याचा आणि चुकीच्या नोंदीला आव्हान देण्याचा अधिकारही त्याला मिळाला. नकार कोणत्या माहितीच्या दारातून आला हे आता कळू लागले. नकाराचे नेमके कारण मात्र अद्याप बँकेच्याच हातात होते.

३. स्त्रियांचे अर्ज आणि कारण मागण्याचा अधिकार

ही उणीव सर्वांत ठळकपणे पुढे आली ती स्त्रियांच्या अर्जांच्या संदर्भात. ग्राहक-वित्तविषयक राष्ट्रीय आयोगाने १९७२ मध्ये घेतलेल्या सुनावण्यांत अनेक गोष्टी नोंदल्या गेल्या. अविवाहित स्त्रीला अविवाहित पुरुषापेक्षा पत मिळणे कठीण जात असे. विवाह होताच तिला पतीच्या नावाने नव्याने अर्ज करावा लागे. पती-पत्नीच्या उत्पन्नाची बेरीज करताना पत्नीचे उत्पन्न, विशेषतः ती अपत्यजन्माच्या वयाची असेल तर, पूर्ण धरले जात नसे. घटस्फोटित वा विधवा स्त्रीच्या नावे कोणताही पत-इतिहास नसे, कारण विवाहकाळातील सर्व खाती पतीच्या नावे असत. वर्षानुवर्षे नियमित हप्ते भरूनही तिची पत शून्य ठरत असे.

सन १९७४ च्या समान पतसंधी कायद्याने लिंग व वैवाहिक स्थिती यांवरून होणारा भेदभाव बेकायदेशीर ठरविला. १९७६ च्या दुरुस्तीने त्यात वंश, वर्ण, धर्म, राष्ट्रीय मूळ, वय इत्यादी आधारांची भर घातली. याच दुरुस्तीने आणखी एक गोष्ट केली आणि प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने तीच सर्वांत महत्त्वाची आहे. अर्ज नाकारला गेल्यास त्याची विशिष्ट कारणे जाणून घेण्याचा हक्क प्रत्येक अर्जदाराला मिळाला. १९७७ पासून संयुक्त खात्याचा इतिहास पती व पत्नी दोघांच्याही नावे नोंदविण्याची तरतूद अमलात आली.

भेदभावाला केवळ बंदी केली असती तर तिचा उपयोग मर्यादित राहिला असता, कारण मनातील पूर्वग्रह सिद्ध करणे अवघड असते. कारण लिहून द्यावे लागले की नकार देणाऱ्याला आधी स्वतःशी ते स्पष्ट करावे लागते. जे लिहिण्याची लाज वाटते ते कारण वापरणे अवघड होते. शिवाय नाकारलेल्या व्यक्तीला पुढील वेळी काय सुधारावे याची दिशा मिळते. या तरतुदीचे शिक्षणमूल्य तिच्या दंडमूल्यापेक्षा कमी नव्हते.

४. गुणांकाचा उदय

दरम्यान, निर्णयाचे साधनच बदलत होते. सन १९४१ मध्ये डेव्हिड ड्यूरंड यांनी हप्तेबंदीच्या कर्जांचा अभ्यास प्रसिद्ध केला. आर. ए. फिशर यांनी १९३६ मध्ये आयरिस फुलांच्या जाती वेगळ्या ओळखण्याच्या उदाहरणातून मांडलेली सांख्यिकी पद्धत त्यांनी चांगली व बुडीत कर्जे वेगळी करण्यासाठी वापरून पाहिली. अभियंते बिल फेअर आणि गणितज्ञ अर्ल आयझॅक यांनी १९५६ मध्ये स्वतःची कंपनी स्थापन केली. १९५८ मध्ये, म्हणजे फ्रेस्नोच्या प्रयोगाच्याच वर्षी, त्यांनी ५० मोठ्या कर्जदात्या संस्थांना पत्रे पाठवून पतगुणांकाची कल्पना कळविली; उत्तर केवळ एका संस्थेकडून आले. अनुभवी अधिकाऱ्याच्या नजरेवर त्या काळी असलेला विश्वास यावरून लक्षात येतो.

सत्तरीच्या दशकातील कायद्यांनी हा विश्वास डळमळीत केला. अधिकाऱ्याचे वैयक्तिक मत न्यायालयात टिकविणे कठीण होते. संख्याशास्त्राच्या कसोटीला उतरलेली पद्धत टिकविणे त्या मानाने सोपे होते. परिणामी, कारण मागणाऱ्या कायद्यानेच बँकांना गुणांकाकडे ढकलले असे म्हणता येईल. १९८९ मध्ये सर्वसाधारण वापराचा फायको गुणांक प्रचारात आला. ३०० ते ८५० या पट्टीवरील ही संख्या पूर्वीच्या परतफेडीला सर्वाधिक, म्हणजे सुमारे ३५ टक्के, महत्त्व देते. नव्याने घेतलेल्या वा मागितलेल्या पतीला सुमारे १० टक्के. यामुळे अर्ज करणे ही कृतीसुद्धा पतीवर परिणाम करू लागली. थोड्या काळात अनेक अर्ज करणारा मनुष्य अडचणीत असावा, असा तर्क त्यामागे आहे.

गुणांकामुळे शेजाऱ्यांची मते व अधिकाऱ्यांची आवडनिवड मागे पडली, हे निश्चितच हितकारक झाले. मात्र नवी अडचण उभी राहिली, ती म्हणजे ‘आपला गुणांक कमी पडला’ हे कारण म्हणावे काय? अमेरिकी नियमावलीने याचे उत्तर स्पष्टपणे नकारार्थी दिले. गुणांक कमी आहे किंवा बँकेच्या अंतर्गत धोरणात बसत नाही, एवढे सांगणे पुरेसे नाही. गुणांक ज्या बाबींमुळे घसरला त्या बाबी सांगितल्या पाहिजेत, असे तिचे म्हणणे आहे. एखाद्या विद्यार्थ्याला अनुत्तीर्ण ठरविताना केवळ बेरीज दाखविणे आणि उत्तरपत्रिका दाखविणे यांत जो फरक आहे, तोच येथे आहे.

५. बाहेरून आलेल्या मर्यादा : १९८० आणि त्यानंतर

प्रत्येक नकाराचे मूळ अर्जदारातच असते असे नाही. महागाई आटोक्यात आणण्यासाठी राष्ट्राध्यक्ष जिमी कार्टर यांनी १४ मार्च १९८० रोजी पतनियंत्रणाची घोषणा केली. फेडरल रिझर्व्हने क्रेडिट कार्डासह काही प्रकारच्या ग्राहक-कर्जांतील वाढीवर १५ टक्के रक्कम बिनव्याजी ठेव म्हणून राखण्याचे बंधन कर्जदात्यांवर घातले. अनेक बँकांनी नवे अर्ज स्वीकारणेच थांबविले. काही नागरिकांनी आपली कार्डे कापून व्हाइट हाऊसकडे पाठविली. खर्च इतक्या वेगाने आटला की जुलैमध्ये ही नियंत्रणे मागे घेण्याचा निर्णय झाला. या काही महिन्यांत ज्यांचे अर्ज परत गेले त्यांची पत कमी झालेली नव्हती. बँकेला कर्ज देणे महाग झाले होते.

याच सुमारास दुसरा बदल घडला. अनेक राज्यांत व्याजाच्या कमाल दरावर कायदेशीर मर्यादा होती. अशा स्थितीत जोखमीच्या अर्जदाराला चढा दर लावता येत नसे. त्याला नाकारणे एवढाच मार्ग उरे. सर्वोच्च न्यायालयाच्या १९७८ च्या मार्केट बँक खटल्यातील निर्णयानुसार राष्ट्रीय बँकेला आपल्या मूळ राज्याचा व्याजदर अन्य राज्यांतील ग्राहकांनाही लावता येऊ लागला. सिटी बँकेने १९८१ मध्ये आपला कार्ड-व्यवसाय व्याजमर्यादा नसलेल्या साऊथ डाकोटा राज्यात हलविला. आता ‘नाही’ म्हणण्याऐवजी ‘हो, पण चढ्या दराने’ असे म्हणणे शक्य झाले. मंजुरीचे दार रुंद झाले आणि मर्यादेची जागा किमतीने घेतली. कर्जाच्या ओझ्याविषयीची पुढील बरीच चर्चा या बदलातून उद्भवली आहे.

६. वेळेवर फेडणाऱ्यालाही नकार

एकविसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात मर्यादेला अगदी वेगळे वळण मिळाले. ग्राहक मिळविण्यासाठी बँका नव्या कार्डावर मोठ्या स्वागत-सवलती देऊ लागल्या. चेस बँकेने २०१६ मध्ये आणलेल्या एका कार्डावर सुरुवातीस १ लाख गुण देऊ केले होते. मागणी इतकी वाढली की त्या वर्षीच्या शेवटच्या तिमाहीच्या नफ्यात २० ते ३० कोटी डॉलरची घट अपेक्षित असल्याचे बँकेच्या प्रमुखांनी सांगितले. सवलत मिळाली की ते कार्ड बाजूला ठेवून दुसऱ्या कार्डासाठी अर्ज करणारा एक वर्ग तयार झाला होता. हे लोक बिल वेळेवर आणि संपूर्ण भरत. म्हणूनच त्यांच्याकडून बँकेला व्याज मिळत नसे.

या पार्श्वभूमीवर, मागील २४ महिन्यांत कोणत्याही बँकांची मिळून पाच किंवा अधिक कार्डे घेतलेल्या अर्जदाराला चेस बँक नवे कार्ड नाकारते, हे २०१५ च्या सुमारास लोकांच्या लक्षात आले. हा नियम अर्जासोबत छापून दिलेला नव्हता. उत्तम गुणांक असलेल्या अर्जदारांना आलेल्या नकारपत्रांत ‘गेल्या दोन वर्षांत फार नवी खाती’ अशा आशयाचे कारण असे. अशी पत्रे परस्परांशी ताडून पाहून लोकांनी नियम शोधून काढला. अन्य बँकांच्याही ठरावीक दिवसांत वा महिन्यांत ठरावीकच कार्डे मंजूर करण्याच्या पद्धती याच रीतीने उघडकीस आल्या.

येथे दोन गोष्टी लक्षणीय आहेत. पहिली अशी की फ्रेस्नोच्या काळात मर्यादेचा रोख न फेडणाऱ्यावर होता; या नियमाचा रोख नेमका फेडणाऱ्यावर आहे. पत म्हणजे विश्वासार्हता हा अर्थ मागे पडून पत म्हणजे नफाक्षमता असा अर्थ पुढे येत असल्याचे हे लक्षण होय. दुसरी गोष्ट अशी की अप्रकाशित नियम उघड झाला तो १९७६ च्या दुरुस्तीमुळे. स्त्रियांवरील अन्यायाच्या चर्चेतून जन्मलेली कारण सांगण्याची सक्ती चाळीस वर्षांनी एका सर्वस्वी भिन्न प्रकारच्या अर्जदारांच्या उपयोगी पडली.

कायद्याचा हेतू चांगला असूनही मर्यादा चुकीच्या ठिकाणी पडू शकते, याचेही उदाहरण याच काळात मिळते. सन २००९ च्या कार्डविषयक कायद्याने २१ वर्षांखालील अर्जदाराला स्वतंत्र उत्पन्न अथवा सहकर्जदार आवश्यक केला. विद्यार्थ्यांना कर्जापासून वाचविणे हा त्याचा हेतू होता. अंमलबजावणीच्या नियमांत मात्र स्वतंत्र उत्पन्नाची अट सर्वच वयाच्या अर्जदारांना लावली गेली आणि घर सांभाळणाऱ्या पत्नीचा अर्ज पुन्हा अडचणीत आला. २०१३ मध्ये नियम बदलून, २१ वर्षांवरील व्यक्तीला ज्या कौटुंबिक उत्पन्नाचा वापर करता येण्याची वाजवी अपेक्षा आहे ते अर्जात दाखविण्याची मुभा देण्यात आली.

७. भारतातील वाटचाल

भारतात सेंट्रल बँक ऑफ इंडियाने १९८० मध्ये कार्ड सुरू केले आणि १९९० नंतर विदेशी व खाजगी बँकांमुळे त्याचा प्रसार वाढला. प्रारंभी पतमाहितीची केंद्रीय व्यवस्था नव्हती. नोकरी, पगारपत्रक आणि पत्ता यांवर निर्णय होत असे. मुंबईत २००० साली सिबिल या संस्थेची स्थापना झाली व २००४ पासून ग्राहकांची पतमाहिती उपलब्ध होऊ लागली. पतमाहिती कंपन्यांविषयीचा कायदा २००५ चा आहे. २०१७ पासून प्रत्येक व्यक्तीला वर्षातून एकदा आपला संपूर्ण पत-अहवाल विनामूल्य मिळू लागला.

अमेरिकेने ज्या टप्प्यांतून जाण्यास अनेक दशके घेतली ते टप्पे येथे थोड्या वर्षांत एकत्र आलेले दिसतात. न मागितलेल्या कार्डांना रिझर्व्ह बँकेने २००५ च्या मार्गदर्शक सूचनांतच मनाई केली होती. २०२२ च्या निर्देशांत अर्ज नाकारल्यास त्याची विशिष्ट कारणे लेखी कळविण्याचे बंधन घातले गेले. नोव्हेंबर २०२३ मध्ये बँकांच्या क्रेडिट कार्ड येण्यावरील जोखीम भार १२५ वरून १५० टक्के करण्यात आला. १९८० च्या अमेरिकी उपायाशी याचे साम्य आहे. दोन्ही ठिकाणी अर्जदाराला नव्हे तर बँकेला कर्ज देणे महाग करून मंजुरीला आवर घातला गेला. फरक असा की भारतातील उपाय भांडवलाच्या मार्गाने आणि तुलनेने सौम्यपणे योजला गेला.

महाराष्ट्रातील अध्यापकवर्गाला पतीची जुनी रीतही परिचित आहे. महाविद्यालयीन सेवकांच्या पतसंस्थेत कर्ज मागताना दोन जामीनदार लागतात, ओळखीचे सभासद निर्णय घेतात आणि नकार आलाच तर त्याचे कारण सर्वांना ठाऊक असते. क्रेडिट कार्डाच्या अर्जाबाबत असे घडत नाही. तासिका तत्त्वावर काम करणारा अध्यापक कोणाचेही देणे न ठेवता अर्ज करतो. त्याला नकार आला तर तो उत्पन्नाच्या अनियमिततेमुळे, पत-इतिहासाच्या अभावामुळे, अहवालातील चुकीच्या नोंदीमुळे की बँकेने तूर्त नवी कार्डे कमी करण्याचे ठरविल्यामुळे, हे त्याला कळले पाहिजे. यांतील प्रत्येक कारणावरचा उपाय वेगळा आहे. ‘अंतर्गत धोरणानुसार अर्ज मंजूर करता येत नाही’ एवढेच वाक्य यांपैकी कशाचाही बोध करून देत नाही. लेखी कारणाच्या तरतुदीचे खरे मोल त्या कारणाच्या नेमकेपणात आहे.

समारोप

उपरोक्त विवेचनावरून पुढील निष्कर्ष निघतात. पहिला, मंजुरीवरील मर्यादा ही बँकेची मर्जी नसून अनोळखी व्यक्तीला विनातारण पत देण्याच्या व्यवस्थेची गरज आहे. फ्रेस्नो व शिकागो येथील अनुभव त्याची साक्ष देतात. दुसरा, मर्यादेचा निकष ओळखीकडून फायलीकडे, फायलीकडून गुणांकाकडे आणि गुणांकाकडून नफ्याच्या हिशेबाकडे सरकत गेला. प्रत्येक टप्प्यावर जुना एक अन्याय कमी झाला आणि नवी एक अपारदर्शकता निर्माण झाली. तिसरा, या सर्व बदलांत टिकून राहिलेले आणि नव्या परिस्थितीतही उपयोगी पडलेले साधन म्हणजे नकाराचे विशिष्ट कारण सांगण्याचे बंधन होय.

निर्णय यंत्राने घेतला तरी हे बंधन सैल होण्याचे कारण नाही. किंबहुना, निर्णय घेणाऱ्या अधिकाऱ्याला भेटून विचारण्याची सोय जसजशी कमी होते, तसतशी लेखी कारणाची गरज वाढते. बँकेला नकार देण्याचा अधिकार आहे आणि तो असलाच पाहिजे. परंतु ज्याला नाकारले त्याच्या पतीविषयी आपण काय ठरविले, हे त्याच्यापासून लपविण्याचा अधिकार तिला नाही.